नाण्यावरचे नाव : जयपूरची रसकपूर

हिंदुस्थानातील टांकसाळींत राजाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या नावाला अधिक मान असे. जहांगीरने मोहरांवर आपली छबी कोरविली, हा अपवाद. नूरजहानची सत्ता नाण्यावर प्रकटली ती तिच्या नावानेच. नाणे कोणाच्या नावाने पडते, यावर राज्य कोणाचे हे ठरत असे. जयपूरच्या रसकपूरची शोकांतिका समजून घ्यावयाची ती या परंपरेच्या संदर्भात.

सवाई जगतसिंह १८०३ मध्ये गादीवर आला. उदयपूरच्या कृष्णाकुमारीशी विवाह करण्याच्या हट्टापायी त्याने जोधपूरशी युद्ध मांडले. त्या कलहाची अखेर १८१० मध्ये त्या निरपराध राजकन्येला विष देण्यात झाली. याच राजाने रसकपूर या आपल्या मुसलमान नाटकशाळेला अर्ध्या आमेरची राणी केले. कर्नल जेम्स टॉडच्या राजस्थानविषयक ग्रंथाच्या १८३२ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात तिचा वृत्तान्त येतो. तिच्या नावाने नाणी पाडली गेली, राजासह ती एकाच हत्तीवर बसे, सवाई जयसिंहाच्या ग्रंथसंग्रहातही तिला वाटा मिळाला, असे टॉड लिहितो. विवाहित राण्यांचा मान तिला देण्यास दूणीच्या चांदसिंहाने नकार दिला, तेव्हा त्याला दोन लाख रुपये दंड झाला. त्याच्या जहागिरीचे ते चार वर्षांचे उत्पन्न होते.

संतप्त सरदारांनी राजालाच पदच्युत करण्याचा घाट घातला. तो टळला, पण रसकपूरचा बळी देऊन. तिच्या शीलाविषयी प्रवाद उठविण्यात आला, मालमत्ता जप्त झाली आणि तिची रवानगी नाहरगडाच्या बंदिखान्यात झाली. ज्या हाताने तिला राणीपद दिले, त्यानेच स्वतःची गादी राखण्यासाठी ते काढून घेतले.

टॉड हा कंपनी सरकारचा अधिकारी. १८१८ च्या तहापूर्वीचे जयपूर किती अधोगतीला गेले होते, हे त्याला दाखवावयाचे होते. त्यामुळे त्याच्या लेखणीने रेखाटलेली रसकपूर ही राजाच्या दुर्वर्तनाची खूण म्हणूनच उरते. तिचा स्वतःचा एकही शब्द त्या चित्रात नाही.

पुढे १८५७ नंतर जयपूरच्या नाण्यांवर एका राणीचे नाव रीतसर कोरले गेले. ते होते व्हिक्टोरियाचे. दुसऱ्या बाजूस जगतसिंहाचा नातू सवाई रामसिंह याचे नाव होते.