अकरा वाजून दोन मिनिटं

३० जानेवारीला सकाळी मी हजरतगंजमध्ये, जीपीओसमोरच्या बागेत गांधीजींच्या पुतळ्यापाशी उभा होतो. लखनौचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. हार, भजन, टोप्या सगळं यथासांग चाललं होतं. १० वाजून ५९ मिनिटांनी भोंगा सुरू झाला आणि बरोबर अकराला थांबला. पुतळ्याजवळचे आम्ही चाळीस-पन्नास जण स्तब्ध झालो. रस्त्यावरच्या ई-रिक्षा मात्र थांबल्या नाहीत, हॉर्नही थांबले नाहीत. पलीकडे एका एटीएमच्या दाराशी बसलेला म्हातारा पहारेकरी तेवढा स्टूल मागे सारून उठला. त्यानं टाचा जुळवल्या, मुठी मांडीला लावल्या आणि दुसरा भोंगा होईपर्यंत तो जागचा हलला नाही. फौजेतून निवृत्त झालेला माणूस आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती.

आपल्या महाराष्ट्रातल्या सभांमधून 'दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून' वाहिलेली श्रद्धांजली मी आयुष्यभर पाहत आलो आहे. ती सहसा चाळीस सेकंदांत आटोपते. अध्यक्ष 'ओम शांती' म्हणतात आणि खुर्च्या करकरतात. त्यामुळे पूर्ण दोन मिनिटं किती लांब असतात हे मला त्या दिवशी प्रथमच कळलं, आणि त्या लांबीत एक प्रश्न डोक्यात आला. गांधीजींना गोळ्या लागल्या त्या संध्याकाळी, ५ वाजून १७ मिनिटांनी. मग देशभर मौन पाळायचं ते सकाळी अकराला का?

सरकारी परिपत्रक वेळ सांगतं, कारण सांगत नाही. पण अकराच्या ठोक्याला आणि दोन मिनिटांना एक जुनं घराणं आहे. १९१८ च्या मे महिन्यात केप टाउनमध्ये, युद्ध चालू असतानाच, दुपारच्या तोफेबरोबर सारं शहर थांबायला लागलं. तिथल्या महापौरांचा मुलगा नुकताच युद्धात गेला होता. पर्सी फिट्झपॅट्रिक या लेखकाचाही मुलगा फ्रान्समध्ये मारला गेला होता. युद्ध संपल्यावर त्यानं ही प्रथा लंडनला सुचवली. ७ नोव्हेंबर १९१९ ला पंचम जॉर्जचं आवाहन छापून आलं: युद्धबंदी झाली त्या घटकेला, म्हणजे अकराव्या महिन्याच्या अकराव्या दिवशी अकरा वाजता, साम्राज्यभर दोन मिनिटं सगळं थांबावं. आपण ती घटका उचलली आणि तारीख बदलली, असं मला वाटतं. मौनाची कल्पना आपल्याला परकी नव्हतीच. गांधीजी स्वतः दर सोमवारी मौन पाळत. पण घड्याळ लावून, भोंगा वाजवून, सगळ्यांनी एकदम गप्प होणं ही त्या महायुद्धाची देणगी आहे.

घटका तीच राहिली, पण माणसं बदलली. ३० जानेवारीचं मौन स्वातंत्र्यलढ्यात प्राण दिलेल्यांसाठी आहे. ११ नोव्हेंबरचं मौन ज्यांच्यासाठी होतं त्यांत आपलेही लोक होते. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. कुत-अल-अमारा इथे जवळजवळ पाच महिने वेढ्यात अडकल्या, घोड्याचं मांस खायचं की नाही यावर तंटे झाले, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. पुढच्या कैदेत किती जण वाटेवरच्या वाळवंटात राहिले! साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गावातले ४६ जण त्या महायुद्धात गेले. ते इंग्रजांसाठी लढले म्हणून स्वतंत्र भारताच्या मौनात त्यांना जागा उरली नाही, आणि ज्यांच्यासाठी लढले त्यांनी त्यांना कसं आठवलं हे बसऱ्याच्या स्मारकावर दिसतं. १९२९ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या स्मारकावर इंग्रज शिपायांची नावं कोरली. हिंदी अंमलदारांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीचं नाव आणि पुढे आकडा आला. या भेदभावाबद्दल ब्रिटिश सरकारनं संसदेत माफी मागितली ती २०२१ मध्ये.

ही रीत बसऱ्यात जन्मली नव्हती. हजरतगंजहून दोनेक किलोमीटरवर रेसिडेन्सीचे पडके अवशेष आहेत. १८५७ च्या वेढ्यात तिथे लढणाऱ्यांमध्ये इंग्रज अधिकारी आणि सैनिक मिळून ८५५ होते, आणि त्यांच्या बाजूचे हिंदी शिपाई ७१२. तिथल्या आवारात व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यानं १८७५ मध्ये उभारलेला एक स्तंभ आहे, या 'नेटिव' शिपायांच्या स्मरणार्थ. त्यावर १३वी, ४१वी, ४८वी, ७१वी अशा पलटणी वाचायला मिळतात. माणूस एकही नाही. इंग्रजांची नावं वाचायची तर परत हजरतगंजला यावं. तिथलं क्राइस्ट चर्च १८६० मध्ये त्यांच्याच आठवणीसाठी बांधलं गेलं, आणि त्याच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या आहेत.

विरुद्ध बाजूनं पडलेल्यांची तर गणतीही नीट नाही. १६ नोव्हेंबर १८५७ ला जवळच्याच सिकंदर बागेत दोन हजारांच्या आसपास बंडवाले शिपाई मारले गेले. पुढच्या वर्षी फेलिचे बियातो या छायाचित्रकारानं तिथे फोटो काढला. अंगणात हाडं तशीच विखुरलेली दिसतात. तो फोटो मी एकदाच पाहिला आणि पुस्तक मिटून ठेवलं.

आता पुन्हा जीपीओकडे वळतो, कारण ही इमारतही या हिशेबात आहे. पूर्वी इथे रिंग थिएटर होतं, साहेबांच्या करमणुकीचं. काकोरीचा खटला इथेच चालला. ६ एप्रिल १९२७ ला निकाल लागला. रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खाँ, रोशन सिंह आणि राजेंद्र लाहिरी डिसेंबरात फासावर गेले. त्याच निकालात दहा वर्षांची सक्तमजुरी झालेला एक आरोपी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचा होता, रामकृष्ण खत्री. मराठी वाचकांना हे नाव अनोळखी असावं याचं मला वाईट वाटतं. ते पुढे लखनौलाच राहिले, सहकाऱ्यांच्या आठवणी हिंदीत लिहिल्या आणि १९९६ मध्ये इथेच वारले. ज्यांच्यासाठी भोंगा वाजतो त्यांच्यातला एक माणूस याच शहरात कितीतरी वर्षं आपल्या मेलेल्या मित्रांची नावं पुन्हा पुन्हा सांगत होता.

जिवंत राहिलेल्यांसाठीही आता एक दिवस आहे. जनरल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ ला निवृत्त झाले. ती तारीख अलीकडे माजी सैनिकांचा दिवस म्हणून पाळतात. लखनौ तर मध्य कमांडचं मुख्यालय, तेव्हा छावणीत समारंभ होतो. एटीएमसमोरच्या स्टुलापर्यंत तो पोचत नाही.

दुसरा भोंगा झाल्यावर मी रस्ता ओलांडून त्या पहारेकऱ्याकडे गेलो. चहा मागवला. कुठली पलटण, कुठे कुठे होतात, असं विचारत राहिलो. तो मोजकं बोलला. मग मी विचारलं, उभे राहता तेव्हा मनात काय असतं? गांधीजी?

"नाही साहेब," तो हिंदीत म्हणाला, "मी नावं घेतो. माझ्या सेक्शनची पोरं. सात आहेत. सात नावं लवकर संपतात, मग पुन्हा पहिल्यापासून घेतो. आज तीनदा झाली, चौथ्यांदा भोंगा आला."

तेवढ्यात पैसे काढायला कुणीतरी आलं. तो उठला आणि त्यानं दार उघडून धरलं.