मध्यरात्रीची सही

२१ सप्टेंबर १९९६. शनिवार सुरू होऊन जेमतेम पन्नास मिनिटे झाली होती. प्रचारदौऱ्यावरून नुकतेच परतलेले अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्या वेळी एका कायद्यावर सही केली. समारंभ नव्हता, छायाचित्रकार नव्हते. एरवी अध्यक्ष एकाच सहीसाठी अनेक पेने वापरतात आणि ती पाहुण्यांना आठवण म्हणून वाटतात; त्या रात्री ते काहीही झाले नाही. या ‘डिफेन्स ऑफ मॅरेज ॲक्ट’ने विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचेच मीलन अशी व्याख्या केंद्रीय कायद्यांसाठी कायम केली, आणि एका राज्यात झालेला समलिंगी विवाह मान्य करण्याचे बंधन इतर राज्यांवर नाही असेही सांगितले.

यातला पहिला विरोधाभास असा की, ज्या विवाहांपासून ‘विवाहा’चे रक्षण करायचे होते, ते तेव्हा कुठेच होत नव्हते, अमेरिकेत नाही आणि जगातही नाही. नेदरलँड्सने तशी मुभा दिली ती २००१ साली आणि मॅसॅच्युसेट्स राज्याने २००४ साली. १९९३ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने एवढेच म्हटले होते की, तीन जोडप्यांना परवाना नाकारण्यासाठी राज्याला सबळ कारण दाखवावे लागेल. निवडणुकीचे वर्ष आले आणि या एका निकालातून राष्ट्रीय संकट उभे करण्यात आले. प्रतिनिधिगृहात कायदा ३४२ विरुद्ध ६७ मतांनी, तर सिनेटमध्ये ८५ विरुद्ध १४ मतांनी संमत झाला. क्लिंटन यांच्या प्रसिद्धिसचिवांनी हे विधेयक समलिंगी लोकांविरुद्ध चिथावणी देण्याचा प्रकार आहे अशा आशयाची टीका केली होती. तरी अध्यक्ष त्यावर सही करणार, हे मे महिन्यातच जाहीर झाले होते.

तो काळ ध्यानात घ्यायला हवा. १९९२ च्या निवडणुकीत समलिंगी मतदारांकडे उघडपणे मते मागणारे क्लिंटन हे पहिले महत्त्वाचे अध्यक्षीय उमेदवार. सत्तेवर येताच सैन्यातील बंदी उठवण्याचे आश्वासन त्यांनी पाळू पाहिले आणि १९९३ मध्ये ‘विचारू नका, सांगू नका’ या तडजोडीवर त्यांना थांबावे लागले. १९९४ मध्ये त्यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातील चाळीस वर्षांचे बहुमत गमावले. १९९६ च्या गॅलप चाचणीत समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे होते २७ टक्के आणि विरोध करणारे ६८ टक्के. हे आकडे समोर असताना क्लिंटन घाबरले, यात समजण्यासारखे पुष्कळ आहे.

तथापि समजणे वेगळे आणि मान्य करणे वेगळे. अमेरिकी राज्यघटनेनुसार अध्यक्षाने नकाराधिकार वापरला तरी दोन्ही सभागृहे दोनतृतीयांश मतांनी तो रद्द करू शकतात, आणि या विधेयकाला त्याहून कितीतरी अधिक मते मिळाली होती. इतकेच नव्हे, तर संसदेचे अधिवेशन चालू असताना रविवार वगळून दहा दिवस अध्यक्षाने काहीच केले नाही, तरी विधेयकाचा आपोआप कायदा होतो. म्हणजे क्लिंटन यांच्या सहीने कायदा घडला नाही आणि ती नसती तरी तो टळला नसता. सहीचा उपयोग एकच होता, तो प्रचारातला. पुढच्याच महिन्यात ख्रिस्ती आकाशवाणी केंद्रांवर त्यांच्या प्रचाराच्या जाहिरातीत या सहीचे श्रेय घेण्यात आले. ओरड झाल्यावर ती जाहिरात मागे घेतली गेली. दिवसा लपवलेली सही मते मागताना मात्र दाखवली गेली. नोव्हेंबरात क्लिंटन सुमारे साडेआठ टक्क्यांच्या आघाडीने विजयी झाले.

त्याच वर्षीची दुसरी एक सही मात्र भर दिवसा झाली होती. २४ एप्रिल १९९६ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर, ओक्लाहोमा सिटीच्या स्फोटात बळी पडलेल्या १६८ जणांपैकी काहींच्या आप्तांच्या उपस्थितीत, दहशतवादविरोधी कायदा झाला. कैदेची वैधता न्यायालयाकडून तपासून घेण्याचा हेबिअस कॉर्पसचा जुना हक्क त्याने बराच आखूड केला. कैद्याला केंद्रीय न्यायालयात जाण्यासाठी सामान्यतः एक वर्षाची मुदत घातली, आणि राज्याच्या न्यायालयाची चूक केवळ चूक असून भागणार नाही, ती अवाजवी ठरली पाहिजे, अशी अट आली. मृत्युदंडाच्या कोठडीतल्या माणसाला मतांचे वजन नसते. माझ्या मते या दोन सह्या एकत्र वाचल्याशिवाय त्या वर्षाचे राजकारण कळत नाही.

इथे मराठी वाचकाला हिंदू कोड बिल आठवणे साहजिक आहे. १९५१ साली पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर ते बाजूला ठेवले गेले, आणि डॉ. आंबेडकरांच्या राजीनाम्यामागे हे एक प्रमुख कारण होते. फरक असा की, निवडणुकीनंतर १९५५-५६ मध्ये नेहरूंनी ते तुकड्यातुकड्यांनी का होईना, संमत करून घेतले. क्लिंटन मात्र निवडून आल्यावर या प्रश्नाकडे परतले नाहीत. आपल्या सहीचा कायदा रद्द व्हावा, असे त्यांनी लिहिले ते मार्च २०१३ मध्ये, म्हणजे पद सोडून बारा वर्षे उलटल्यावर. घटनादुरुस्ती टाळण्यासाठी हा कायदा हवा होता, असाही एक बचाव पुढे केला गेला; पण तशी दुरुस्ती संसदेत प्रथम मांडली गेली ती २००२ साली.

या कायद्याची किंमत कोणी मोजली? विवाहित असण्यावर अवलंबून असलेल्या केंद्रीय तरतुदी १९९७ च्या सरकारी मोजणीत १,०४९ भरल्या. एडिथ विंडसर आणि थेया स्पायर चाळीसहून अधिक वर्षे एकत्र राहिल्या, २००७ मध्ये टोरोंटोत त्यांनी विवाह केला. २००९ मध्ये थेया वारल्या, आणि केंद्र सरकारच्या लेखी त्या दोघी परक्या असल्यामुळे एडिथला ३,६३,०५३ डॉलर वारसा कर भरावा लागला. याच खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने विवाहाची ती व्याख्या पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली.

पुढच्या पिढीनेही हाच हिशेब केला. १९९६ मध्ये एका प्रश्नावलीच्या उत्तरात समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे बराक ओबामा २००८ च्या प्रचारात विरोधात होते. ही भूमिका राजकीय सल्ल्यावरून घेतली होती, असे त्यांचे सल्लागार डेव्हिड ॲक्सलरॉड यांनी २०१५ मध्ये लिहून टाकले. बेकायदा टेहळणीत साथ देणाऱ्या दूरसंचार कंपन्यांना संरक्षण देणारे विधेयक रोखण्याचे आश्वासनही ओबामांनी दिले होते, आणि जुलै २००८ मध्ये उमेदवारी पक्की झाल्यावर त्याच विधेयकाला मत दिले. असो.

मला मात्र अध्यक्षांपेक्षा त्या वर्षीचे दोन सिनेटर अधिक विचारात पाडतात. दोघेही डेमोक्रॅट, दोघांचीही १९९६ मध्ये निवडणूक. जॉन केरी यांनी विवाहकायद्याविरुद्ध मत दिले. त्या वर्षी फेरनिवडणूक लढवणाऱ्या सिनेटरांत असे करणारे ते एकटेच. अर्थात त्यांचे राज्य मॅसॅच्युसेट्स, हेही लक्षात ठेवावे. त्याच केरींनी गरिबांचे साहाय्य तोडणाऱ्या कल्याण कायद्याला मात्र होकार दिला, आणि २००४ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार असताना समलिंगी विवाहाला विरोध नोंदवला. मिनेसोटाचे पॉल वेलस्टोन यांचे नेमके उलटे. कल्याण कायद्याला नकार देऊन त्यांनी आपली जागा धोक्यात घातली. विवाहाच्या प्रश्नावर मात्र ते ८५ जणांत सामील झाले. एकाच माणसाचे धैर्य एका मतदानापुरते पुरले, दुसऱ्यापर्यंत पोहोचले नाही. दोन्ही कायद्यांना नकार दिला असता तर वेलस्टोन हरले असते का, हे सांगता येत नाही. ते निवडून आले एवढे खरे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मपर पुस्तकात त्यांनी आपले ते मत चुकले असावे, अशी खंत व्यक्त केली. ऑक्टोबर २००२ मध्ये पुढच्या निवडणुकीचा प्रचार चालू असताना विमान अपघातात त्यांचे निधन झाले. मॅसॅच्युसेट्समधले पहिले विवाह व्हायला तेव्हा दीड वर्ष उरले होते.