पस्तीस वर्षांनी घरी आलेलं व्हायोलिन



आपल्या गावात सप्ताह बसला की वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपतो, दुसरा पुढं येतो, पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. रात्री दोन वाजता मंडपात डोकावलं तरी कुणीतरी वीणा घेऊन उभं असतंच. खंडेनवमीला आपण विळा, कोयता, शिवणयंत्र यांच्या शेजारी भजनी मंडळाची पेटी आणि मृदंगही मांडतो, त्यांना हळदकुंकू वाहतो. वाद्य म्हणजे नुसतं लाकूड आणि कातडं नव्हे, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

असं वाद्य चोरीला गेलं तर? आणि पस्तीस वर्षांनी परत मिळालं तर? आज आम्ही अशाच एका वाद्याचा इतिहास सांगणार आहोत. गोष्ट अमेरिकेतली आहे. पण ती ऐकल्यावर आम्ही आमच्या मंडळाच्या पेटीकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. ते का, ते शेवटी सांगतो.

व्हायोलिन आपल्या ओळखीचं आहे. गीतरामायणाच्या कार्यक्रमात सुधीर फडके गायचे, तेव्हा साथीला प्रभाकर जोगांचं व्हायोलिन असायचं. इटली देशात क्रेमोना नावाचं एक गाव आहे. तिथं अंतोनिओ स्त्रादिवारी नावाचा कारागीर होऊन गेला. त्याच्या हातच्या व्हायोलिनांना जगात तोड नाही असं वादक मानतात. आपण ज्याची गोष्ट ऐकतोय ते व्हायोलिन त्यानं १७३४ साली बनवलं, तेव्हा तो नव्वदीच्या घरात होता. आपल्याकडं तेव्हा थोरल्या बाजीरावांचा काळ होता आणि पुण्यात शनिवारवाडा बांधून दोन वर्षं झाली होती. म्हणजे किती जुनं, ते ध्यानात येईल. पुढं एम्स आडनावाच्या एका वादकाकडं ते होतं, म्हणून त्याला ‘एम्स’ हेच नाव पडलं. तिकडं नामी व्हायोलिनांना अशी नावं असतात, जशी आपल्या बैलांना असतात.

१९४३ साली हे व्हायोलिन रोमन टोटेनबर्ग यांनी पंधरा हजार डॉलरला घेतलं. टोटेनबर्ग मूळचे पोलंडचे, जन्म १९११ चा. लहानपणी ते घरच्यांबरोबर रशियात मॉस्कोला राहिले. तिथं राज्यक्रांती झाली, अन्नाची टंचाई पडली. शेजारीच एक व्हायोलिनवादक राहायचे, त्यांनी या पोराला वाजवायला शिकवलं. मग गुरू आणि चिमुरडा शिष्य मिळून कार्यक्रम करायचे आणि मोबदल्यात पाव, लोणी असा शिधा मिळायचा. एवढ्याशा पोराच्या वाजवण्यावर घरात घास येत होता. अशा माणसाला वाद्य म्हणजे काय वाटत असेल, ते आपण बायका चांगलं समजू शकतो. ज्या जात्यानं, ज्या शिवणयंत्रानं घर तगवलं, ते आपण मोडीत घालत नाही.

पुढं टोटेनबर्ग अमेरिकेत स्थायिक झाले. मोठे वादक झाले, मोठे शिक्षकही झाले. सदतीस वर्षं मैफलीत त्यांच्या खांद्यावर हेच एम्स व्हायोलिन होतं.

मे १९८० मध्ये केंब्रिज गावातल्या एका संगीतशाळेत त्यांचा कार्यक्रम झाला. टोटेनबर्ग त्याच शाळेचे संचालक. कार्यक्रम संपला, लोक भेटायला आले. त्यांनी व्हायोलिन आपल्या खोलीत ठेवलं आणि पाहुण्यांशी बोलायला गेले. परत येऊन बघतात तर व्हायोलिन नाही.

त्यांना संशय आला तो एका तरुण वादकावर. तो त्या दिवशी शाळेच्या आसपास दिसला होता. पुढं त्या तरुणाची पूर्वीची मैत्रीण टोटेनबर्गांकडं आली आणि म्हणाली, व्हायोलिन त्यानंच नेलं असावं, मला खात्री वाटते. पण खात्री वाटणं वेगळं आणि पुरावा वेगळा. घराची झडती घ्यायला लागतो तेवढा पुरावा नाही, असं पोलिसांचं म्हणणं पडलं. टोटेनबर्गांच्या पत्नीनं तर ओळखीच्या लोकांना विचारलं, त्याच्या घरात शिरून व्हायोलिन शोधून देणारं कुणी तुमच्या माहितीत आहे का? ही गोष्ट त्यांच्या मुलीनंच पुढं सांगितली. त्या बाईंची तगमग कळते. चोर डोळ्यांसमोर आहे असं वाटतं आणि हात बांधलेले.

विम्याचे पैसे मिळाले. टोटेनबर्गांनी दुसरं एक चांगलं जुनं व्हायोलिन घेतलं, वाजवत राहिले, शिकवत राहिले. पण व्हायोलिनची पेटी उघडली आणि आत आपलं एम्स आहे, असं स्वप्न त्यांना पडायचं. २०१२ साली, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी ते वारले. त्यांच्या हयातीत व्हायोलिन काही परत आलं नाही.

ज्याच्यावर संशय होता तो माणूस त्यांच्या आदल्या वर्षी, २०११ मध्ये गेला होता. तोवर तो कॅलिफोर्नियात राहत होता. त्याच्याकडून एक बंद पेटी त्याच्या घटस्फोटित बायकोकडं आली. पेटीला आकडे जुळवून उघडायचं कुलूप होतं आणि आकडे तिला ठाऊक नव्हते. पेटी तशीच पडून राहिली. २०१५ मध्ये घर आवरताना तिनं मनावर घेतलं आणि कुलूप तोडलं. आत व्हायोलिन, आणि त्याच्या पोटात चिठ्ठी, स्त्रादिवारीच्या नावाची.

अशा चिठ्ठ्या नकली व्हायोलिनांनाही चिकटवलेल्या असतात. म्हणून तिनं एका जाणकाराला गाठलं. आधी फोटो पाठवले, मग जूनमध्ये न्यूयॉर्कला व्हायोलिन घेऊन त्याला भेटली. त्यानं लाकडाचे रेषान् रेषा पाहिले, मापं ताडून पाहिली. जुन्या व्हायोलिनांचे फोटो आणि मापं जाणकारांकडं नोंदलेली असतात. लाकडाच्या रेषा म्हणजे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या, एकीसारखी दुसरी नाही. तो तिला म्हणाला, एक बातमी चांगली आहे आणि एक वाईट. हे खरोखर स्त्रादिवारीचं आहे. आणि हे टोटेनबर्गांचं चोरीला गेलेलं आहे, मला पोलिसांना कळवावं लागेल. एफबीआय म्हणजे अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा, आपल्या सीबीआयसारखी. तिचे अधिकारी काही तासांतच तिथं आले. त्या बाईनं व्हायोलिन त्यांच्या हवाली केलं.

मैत्रिणींनो, इथं आम्ही सगळ्याजणी थोडा वेळ थांबलो. आमच्यातली एक म्हणाली, तिनं कुलूप तोडलंच नसतं तर? दुसरी म्हणाली, तोडलं असतं आणि गुपचूप कुणाला विकलं असतं तर? दोन्ही होऊ शकलं असतं. कोटींची वस्तू होती. चोरीत तिचा काही हात नव्हता, आणि जिच्याकडं ती आली तिनं ती उजेडात आणली. घराघरांत अशा बंद पेट्या असतात. कुणाचं तरी काहीतरी त्यात असतं. नवऱ्याची, सासऱ्याची वस्तू म्हणून आपण हात लावत नाही, विचारत नाही. या बाईनं विचारलं, म्हणून तीस-पस्तीस वर्षांचं कोडं सुटलं.

आता टोटेनबर्गांच्या मुलींकडं येऊ. त्या तिघी बहिणी. थोरली नीना नावाजलेली रेडिओ पत्रकार आहे, म्हणजे आपल्याच धंद्यातली! एमी न्यायाधीश आहे, आणि तिसरी जिल. एफबीआयच्या अधिकाऱ्याचा फोन नीनालाच आला. ६ ऑगस्ट २०१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये सरकारी कार्यालयात व्हायोलिन तिघींच्या स्वाधीन करण्यात आलं.

गोष्ट इथंच संपली असती तर ‘चोरीचा माल सापडला’ एवढीच बातमी झाली असती. आम्हाला जास्त मोलाचं वाटलं ते त्यापुढचं.

पहिलं म्हणजे, विम्याचे जे पैसे वडिलांनी घेतले होते ते बहिणींनी विमा कंपनीला परत केले. वस्तू मिळाल्यावर भरपाई परत करायची, तेव्हाच मालकी पूर्ण होते. दुसरं, व्हायोलिन मोडलेलं नव्हतं, पण वाजवण्यासारखंही राहिलं नव्हतं. इतकी वर्षं त्याची नीट देखभाल झाली नव्हती. होणार तरी कशी? चांगल्या कारागिराकडं नेलं असतं तर त्यानं ओळखलं असतं. पळवलेलं वाद्य पळवणाऱ्यालाही नीट सांभाळता येत नाही. मग न्यूयॉर्कच्या कारागिरांनी दीड वर्ष खपून ते दुरुस्त केलं.

मार्च २०१७ मध्ये ते पुन्हा लोकांसमोर वाजलं. वाजवलं मीरा वांग हिनं. नाव मीरा असलं तरी ती चीनमधून आलेली, टोटेनबर्गांची शिष्या. समोर त्यांच्या तिन्ही लेकी बसलेल्या. वडील नव्हते, पण त्यांनी तयार केलेला हात होता आणि त्यांचं व्हायोलिन होतं.

तिसरी गोष्ट ऐकून कुणाला वाईट वाटेल. बहिणींनी ते व्हायोलिन विकलं. वडिलांची आठवण विकली? आम्हीही आधी असंच म्हणालो. पण त्यांचा विचार ऐका. तिघींपैकी कुणी मैफलीत वाजवणारी नव्हती. घरात ठेवलं असतं तर ते पुन्हा पेटीत बंद झालं असतं. हौस म्हणून वस्तू गोळा करणाऱ्या एखाद्या धनिकाच्या तिजोरीतही ते जायला नको होतं. ते वाजत राहिलं पाहिजे, हीच त्यांची अट. तसा घेणारा मिळाला. त्यानं आपलं नाव जाहीर केलं नाही. २०१८ च्या शेवटी ते नेथन मेल्ट्झर नावाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला वाजवायला दिलं गेलं. चोरानंही व्हायोलिन दूर नेलं आणि लेकींनीही दूर जाऊ दिलं. पण एकानं ते कुलपात घातलं, दुसऱ्यांनी पुढच्या हाती सोपवलं.

सगळ्याच वाद्यांचं नशीब असं नसतं. आपल्या देशातलं उदाहरण घ्या. उस्ताद बिस्मिल्ला खाँ, भारतरत्न. देशाला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा लाल किल्ल्यावर त्यांची सनई वाजली. २००६ मध्ये ते गेले. डिसेंबर २०१६ मध्ये वाराणसीत त्यांच्या मुलाच्या घरातून पाच सनया चोरीला गेल्या. त्यांतल्या बहुतेक चांदीच्या होत्या. एक तर पंतप्रधान नरसिंह रावांनी भेट दिलेली. महिन्याभरात पोलिसांनी छडा लावला. त्यांनी उस्तादांच्या नातवाला आणि दोन सराफांना पकडलं. सतरा हजार रुपयांना सनया विकल्या होत्या, असं पोलिसांनी सांगितलं. पण हाती काय लागलं? वितळवलेली चांदी, किलोभरापेक्षा थोडी जास्त. माल सापडला असं कागदावर म्हणता येतं. पण सनई कुठून आणायची? वजनाच्या काट्यावर सूर चढत नाही.

वाराणसीत महिन्याभरात तपास लागला आणि सनई गेलीच. अमेरिकेत पस्तीस वर्षं लागली आणि व्हायोलिन वाजलं. फरक कशानं पडला? चांदीचा गोळा झाला की त्यावर कुठली खूण उरत नाही. व्हायोलिनचं लाकूड तसंच राहिलं, त्याची खूण कुणीतरी नोंदून ठेवली होती, आणि ती ओळखणारं माणूस होतं.

हे ऐकलं आणि आम्ही आमच्या भजनी मंडळाची पेटी उघडून बसलो. महिलांनी वर्गणी काढून घेतलेली पेटी. कुणाकडून घेतली ते दोघींनाच आठवत होतं. पावती नव्हती. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाचे फोटो ढीगभर, पण पेटीचा एकही नाही. उद्या ती चोरीला गेली तर पोलिसांना काय सांगणार? ‘काळी, जुनी, गोड आवाजाची’? मग त्याच दिवशी आम्ही चारही बाजूंनी उजेडात फोटो काढले. भात्याला लावलेलं ठिगळ, कोपऱ्यातला टवका, एका पट्टीचा बदललेला रंग, कारागिराचं नाव, सगळं मंडळाच्या वहीत लिहिलं. एक प्रत दुसरीच्या घरी ठेवली. तुम्हीही हे करा. पखवाज, संबळ, हलगी, तुणतुणं, जे असेल त्याचं.

आणि चोरी झालीच, तर ‘जाऊ दे, जुनंच होतं’ म्हणून गप्प बसू नका. पोलिसात फिर्याद द्या, त्यात या खुणा लिहायला लावा. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत फिर्याद देणारीला फुकट मिळते, ती मागून घ्या. आसपासच्या वाद्य दुरुस्त करणाऱ्यांनाही फोटो दाखवून ठेवा. मिरजेच्या सतारमेकरांसारखे जाणते कारागीर लाकूड आणि हात दोन्ही ओळखतात, आणि वाद्य आज ना उद्या कारागिराच्या दारात येतंच.

आमच्या मंडळात आणखी एक ठरलं. पेटी एकीच्याच घरी कपड्यात गुंडाळून राहायची नाही. शाळेतल्या दोन पोरी शिकायला तयार आहेत. दर बुधवारी संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर पेटी निघेल. वहीत आम्ही पोरींची नावंही लिहिली आहेत, पेटीच्या खुणांच्या खालीच.

पुन्हा भेटू. नमस्कार.