उपासाचा वडा आणि केरळचा कप्पा

लहानपणी एसटी स्टँडवर गाडी थांबली की माझं लक्ष एकाच गोष्टीकडे असायचं: कागदात बांधलेला गरमागरम साबुदाणा वडा. ‘आजी, साबुदाणा कुठल्या झाडाला लागतो गं?’ ती नुसती हसायची.

उत्तर मिळालं थेट केरळमध्ये, रस्त्याकडेच्या खाण्याच्या गाडीवर. ताटलीत उकडून घोटलेला, हळदीने पिवळा झालेला कंद. त्यात ओलं खोबरं, हिरवी मिरची, लसूण, जिरं, कढीपत्ता. शेजारी लालभडक माशाचं कालवण. हा कप्पा, म्हणजेच कसावा. आपला साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वापासून बनतो, मुख्यतः तमिळनाडूत सेलमकडे!

कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. भारतात तो पोर्तुगीजांनी आणला असं मानतात. त्रावणकोरचे महाराजा विशाखम तिरुनाळ (राज्यकाळ १८८०–१८८५) यांनी लागवडीला उत्तेजन दिलं. कच्चा कंद विषारी ठरू शकतो. म्हणून तो उकडून पाणी ओतून द्यायचं, हे लोक शिकले.

मग १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकला. तिथून येणारा तांदूळ थांबला आणि त्रावणकोरच्या गरीब घरांत भाताच्या जागी कप्पा शिजू लागला. पुढे कितीतरी वर्षं ‘गरिबाचं खाणं’ हा शिक्का त्याला चिकटून राहिला. आज तोच कप्पा मोठ्या हॉटेलांत हौसेने मागवतात.

तेव्हा पुढच्या चतुर्थीला खिचडी खाताना एवढं आठवा: ज्या कंदाने कुणाची उपासमार टाळली, तोच आपण उपासाला चवीने खातो.