जाधव, जयश्री चंद्रकांत

कोल्हापूर महापालिकेच्या माजी नगरसेविका आणि कोल्हापूर उत्तर (क्र. २७६) विधानसभा मतदारसंघाच्या माजी आमदार (एप्रिल २०२२ ते नोव्हेंबर २०२४). मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ साली अस्तित्वात आलेल्या या मतदारसंघातून निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला.

त्यांच्या राजकारणाची सुरुवात प्रभागातून झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये ८१ जागांसाठी झालेल्या महापालिका निवडणुकीत त्या भारतीय जनता पक्षाकडून निवडून आल्या. सत्ता काँग्रेस-राष्ट्रवादीची झाली, त्यामुळे पाच वर्षे त्या विरोधी बाकांवर होत्या. नगरसेवकाला लोक नावाने ओळखतात. पाणी आले नाही, कचरा उठला नाही, गटार तुंबले, की पहिला फोन त्यालाच जातो. विधिमंडळात जाण्यापूर्वी हे शिक्षण ज्याला मिळाले, त्याला शहर कळते, असे म्हणण्यास जागा आहे.

पती चंद्रकांत जाधव हे उद्योजक. २०१९ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारीवर त्यांनी सलग दोन वेळा आमदार राहिलेले शिवसेनेचे राजेश क्षीरसागर यांचा सुमारे १५ हजार मतांनी पराभव केला. २ डिसेंबर २०२१ रोजी त्यांचे निधन झाले आणि जागा रिकामी झाली. महाविकास आघाडीत शिवसेनेने या जागेवरचा हक्क सोडला व काँग्रेसने जयश्रीताईंना उभे केले. समोर भाजपचे सत्यजित कदम, तेही महापालिकेतूनच पुढे आलेले. १२ एप्रिल २०२२ रोजी मतदान झाले, १६ एप्रिलला निकाल लागला. त्या १८ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाल्या. या विजयाला केवळ सहानुभूतीची लाट म्हणणे अपुरे ठरते. तीन पक्षांची एकजूट, पालकमंत्री सतेज पाटील यांची यंत्रणा आणि पेठांमधील जुने संबंध या साऱ्यांचा त्यात वाटा होता.

त्या आमदार झाल्या तेव्हा महापालिकेचे सभागृहच अस्तित्वात नव्हते. नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे गेला होता. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितले असतानाही ती झाली नाही. त्यांच्या आमदारकीच्या साऱ्या काळात शहरात एकही पदावरचा नगरसेवक नव्हता. प्रभागात सुटायची गाऱ्हाणी आमदाराच्या दारात येणे मग अटळच होते. हद्दवाढीचा प्रश्नही तसाच होता: महापालिका १९७२ साली स्थापन झाली, तरी शहराची हद्द नगरपालिकेच्या काळातलीच, सुमारे ६७ चौरस किलोमीटर. अडीच वर्षांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना ही परिस्थिती लक्षात घ्यायला हवी. लोकनियुक्त महापालिका नसलेल्या शहरात एकट्या आमदाराचे हात तोकडेच पडतात.

२०२४ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना उमेदवारी दिली नाही. आधी माजी नगरसेवक राजेश लाटकर, मग मधुरिमाराजे छत्रपती यांचे नाव पुढे आले. मधुरिमाराजेंनी ४ नोव्हेंबरला अर्ज मागे घेतला आणि काँग्रेसने अपक्ष लाटकरांना पाठिंबा दिला. तत्पूर्वी ऑक्टोबरअखेर जयश्रीताईंनी एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत प्रवेश केला होता. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच पक्षाचे राजेश क्षीरसागर ही जागा पुन्हा जिंकून आले.