अपंगांचें अश्वारोहण

घोड्यावर पक्की मांड असणें हें आपल्याकडे पराक्रमाचें लक्षण समजलें जात असे. ज्याच्या पायांत बळ नाहीं त्यानें घोड्याच्या वाटेस जाऊं नये, हा व्यवहार त्यांतूनच निघाला. युरोपांतील समजूतही फारशी निराळी नव्हती. ती ढळली मुख्यत्वें एका डॅनिश स्त्रीमुळें.

लिस हार्टेल ही डेन्मार्कमधील नामांकित अश्वारोही. १९४४ च्या सप्टेंबरांत, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, तिला पोलिओनें गांठलें. त्या वेळीं ती गरोदर होती. मूल सुखरूप जन्मलें. परंतु आईचे पाय गुडघ्याखालीं कायमचे लुळे राहिले. कुबड्यांच्या आधारानें चालतां आलें म्हणजे पुष्कळ झालें, असें वैद्यांचें मत पडलें. तिनें मात्र पुन्हां खोगिरावर बसण्याचा हट्ट धरिला. चढविण्यास व उतरविण्यास माणूस लागे. स्वार आपली इच्छा घोड्याला पोटऱ्यांच्या व टाचांच्या दाबानें कळवितो. तो मार्गच खुंटल्यामुळें बैठक आणि कंबरेवरचा तोल एवढ्याच साधनांनीं तिला जनावराशीं बोलावें लागलें. पडणें-उठणें पुष्कळ झालें. १९४७ सालीं स्कँडिनेव्हियन स्पर्धेंत ती दुसरी आली.

पुढें १९५२ चें हेलसिंकी येथील ऑलिंपिक आलें. ‘ड्रेसाज’ म्हणजे घोड्यास शिकविलेल्या चालींची परीक्षा. हा खेळ तोंवर लष्करांतील सनदधारक अधिकाऱ्यांसाठींच राखलेला असे. १९४८ सालीं लंडनमध्यें स्वीडनच्या संघानें मिळविलेलें सुवर्णपदक, त्यांतील एक स्वार अस्सल अधिकारी नव्हता एवढ्याच कारणावरून पुढील वर्षीं काढून घेण्यांत आलें! असल्या सोंवळ्याचा त्याग होऊन हेलसिंकीस चार स्त्रिया उतरल्या. हार्टेलला ५४१.५ गुण पडले; तिसऱ्या क्रमांकाच्या फ्रेंच स्वाराला ५४१. पहिला आलेला स्वीडनचा हेन्री सेंट सीर यानें तिला हात देऊन व्यासपीठावर चढविलें. स्टॉकहोम येथें १९५६ सालीं तिनें रौप्यपदक पुन्हां मिळविलें.

पदकापेक्षां त्या हात देण्याचें दृश्य अधिक फलदायी ठरलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. नॉर्वेमधील एल्सेबेट बट्कर या अंगोपचार करणाऱ्या बाईंनीं अपंग मुलांना तट्टांवर बसविण्यास सुरुवात केली. घोडा संथ चालूं लागला म्हणजे स्वाराची कंबर पुढें-मागें, खालीं-वर व दोहों बाजूंस हलते. हें हलणें माणसाच्या चालण्यांतील हालचालीशीं बरेंच जुळतें. ज्या मुलाला स्वतः पाऊल टाकतां येत नाहीं, त्याच्या पाठीच्या व पोटाच्या स्नायूंना तोल सांवरण्याची संवय अशी उसनी मिळते. घोडा लुळ्या पायांत नवें बळ ओततो, असें मात्र कोणीं समजूं नये. मणका अस्थिर असलेल्या किंवा अपस्माराचे झटके न आवरणाऱ्या रोग्यांस वैद्य यापासून दूरच ठेवितात.

या उपचाराला मुख्य गरज पैशाची नसून माणसांची असते. बसणारा एक, पण लगाम धरून पुढें चालणारा एक, आणि तोल जातांच सांवरण्यासाठीं दोहों बाजूंस एकेक, असे तिघे अनेकदां लागतात. शिवाय तट्टू शांत, खरारा केलेलें व मुलाच्या किंकाळीनें न बुजणारें हवें. एवढीं माणसें पगारावर ठेवणें कोणत्याही रुग्णालयाच्या आवांक्याबाहेरचें. इंग्लंडांत हा भार आसपासच्या लोकांनीं उचलला. कोणी आपलें तट्टू आठवड्यांतून एक दिवस दिलें, कोणी पागेंतील जागा, आणि गृहिणी, विद्यार्थिनी, निवृत्त माणसें चिखलांतून घोड्याच्या बाजूनें फेऱ्या घालूं लागलीं. स्वाराइतकेंच चालणें त्यांनाही पडे, हें सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं.

विखुरलेल्या या मंडळ्या एकत्र येऊन १९६९ सालीं ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली. राजकन्या ॲन १९७१ मध्यें तिच्या आश्रयदात्या झाल्या व १९८५ मध्यें अध्यक्षा. त्याच १९६९ सालीं अमेरिकेंतही अशीच राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. लिस हार्टेल २००९ च्या फेब्रुवारींत वारली. तोंवर तट्टाच्या दोहों बाजूंस चालणारीं हीं माणसें अनेक देशांतून दिसूं लागलीं होतीं.