इंद्राचें पाप आणि स्त्रियांचा विटाळ

घरांतील एखादी स्त्री तीन दिवस दूर बसली, म्हणजे मुलांना 'कावळा शिवला' असें सांगण्याची रीत आपल्या सुशिक्षित घरांतूनही पुष्कळ काळ चालू होती. तो कावळा आईलाच कां शिवतो, वडिलांना कां शिवत नाहीं, हा प्रश्न पुष्कळांनीं लहानपणीं विचारला असेल. उत्तर मात्र क्वचितच कोणाला मिळालें असेल. या कावळ्याचा माग काढीत आपल्या जुन्या ग्रंथांत शिरलें असतां काय आढळतें, तें वाचकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचा आमचा विचार आहे.

या विटाळाच्या उपपत्तीची अतिप्राचीन कथा कृष्णयजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेंत आहे. त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप याला तीन मस्तकें होतीं. इंद्रानें तीं छेदिलीं व ब्रह्महत्येचें पातक ओंजळींत घेऊन तो वर्षभर हिंडला. लोक त्याला ब्रह्मघ्न म्हणूं लागले, तेव्हां त्या पातकाचे तीन भाग करून त्यानें ते पृथ्वी, वृक्ष आणि स्त्रिया यांना वांटून दिले. प्रत्येकीनें मोबदल्यांत वर मागून घेतला. पृथ्वीला मिळालें तें असें कीं, खणलेली जागा वर्षाच्या आंत भरून यावी. वृक्षांना असें कीं, तोडलेल्या ठिकाणीं पुन्हा फुटावें. आणि स्त्रियांना असें कीं, ऋतूपासून त्यांना संतति व्हावी. पातक मात्र पृथ्वीच्या ठिकाणीं नापीक खांच होऊन राहिलें, वृक्षांच्या ठिकाणीं लाल डिंक झालें व स्त्रियांच्या ठिकाणीं रजोदर्शन झालें. यापुढें नियम येतात: अशा स्त्रीशीं बोलूं नये, तिच्याजवळ बसूं नये, तिचें अन्न खाऊं नये. तिनें स्नान केलें, तेल लावलें, केंस विंचरले, काजळ घातलें, तर होणाऱ्या मुलाला अमुक व्यंग येईल, अशी एक यादीच तेथें दिली आहे.

या कथेंतील वांटणी आमच्या मतें बारकाईनें पाहण्याजोगी आहे. भाग तिघांनीं सारखा घेतला. पण पृथ्वीचा दोष एका खांचेपुरता ठरला, आणि उरलेल्या भूमीवर आपण शेती करितों, देवळें बांधतों. वृक्षाचा दोष लाल डिंकापुरता ठरला, आणि त्याचें फळ आपण देवाला वाहतों. स्त्रीच्या बाबतींत मात्र सबंध स्त्रीच वर्ज्य झाली. आणि ज्यानें हत्या केली, तो इंद्र या सर्वांतून मोकळा झाला तो झालाच.

पुढील धर्मशास्त्रकारांना या मताचा पुरता निर्णय लागला होता, असें दिसत नाहीं. वसिष्ठाच्या धर्मसूत्रांत ही इंद्राची कथा आहे. परंतु त्याच ग्रंथांत, स्त्रिया अत्यंत पवित्र असून दर महिन्याचें रज त्यांचीं पापें धुऊन नेतें, असेंही म्हटलें आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत रजस्वलेचा स्पर्श झाल्यास स्नान सांगितलें आहे, आणि त्याच अध्यायांत, मनानें दूषित झालेली स्त्री रजानें शुद्ध होते, असें वचन आहे. जें पाप आहे तेंच पापाचें क्षालन कसें, याचा उलगडा ग्रंथांत नाहीं. आचारांत मात्र दोहोंपैकीं एकच बाजू उतरली.

ती घरोघर कशी उतरली, याची साक्ष ऋषिपंचमीची कहाणी देते. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या श्रमाचें कांहीं न खातां ज्या बायका हें व्रत करितात, त्यांना ती तोंडपाठ असते. एका ब्राह्मणाच्या बायकोनें विटाळांत घरभर वावर केला, म्हणून पुढील जन्मीं ती कुत्री झाली. तिच्या संपर्कामुळें नवरा बैल झाला. आणि दोघेंही आपल्याच मुलाच्या घरीं येऊन राहिलीं. श्राद्धाच्या दिवशीं खिरींत सर्पानें गरळ टाकलें, तें कुत्रीनें पाहिलें. ब्राह्मण मरतील व मुलाला ब्रह्महत्या लागेल, म्हणून तिनें पातेल्याला तोंड लावलें. सुनेनें तिला जळतें कोलीत मारलें आणि खरकटेंही घातलें नाहीं. रात्रीं ती गोठ्यांत जाऊन बैलाजवळ रडली.

ही कहाणी सांगणारणींच्या मनांत काय असे, कोण जाणे! कथेचा उपदेश विटाळ पाळा असा आहे. पण जेवणाराचा जीव त्या दिवशीं वांचला तो विटाळानेंच. ब्रह्महत्येचा तिसरा भाग जिच्या माथीं मारला, तिनेंच मुलावरची ब्रह्महत्या टाळली, आणि बक्षीस म्हणून कोलीत खाल्लें. कहाणीनें व्रत शिकविलें, परंतु रडण्याचा प्रसंगही गाळला नाहीं, ही त्या अनाम सांगणारणींची थोरवी होय.

विरोधाचा उघड आवाज महाराष्ट्रांत उठलाच नाहीं असें नाहीं. तेराव्या शतकांत चक्रधरांनीं, नाकाडोळ्यांतून मळ येतो तसाच हाही देहाचा एक स्राव, त्याचा विटाळ कसला, अशा अर्थाचें आपल्या शिष्यांना सांगितलें. परंतु महानुभावांनीं पुढें आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत बंद केले आणि तो विचार पंथाबाहेर फारसा पोंचला नाहीं. चौदाव्या शतकांत चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई हिच्या नांवावरील अभंगांत, देह विटाळांतूनच जन्मतो, मग विटाळावेगळा देह कोणाचा, असा सवाल आहे. जातीचा विटाळ व ऋतूचा विटाळ हे एकाच झाडाचे फांटे आहेत, हें दोन्ही भोगणाऱ्या त्या स्त्रीला पंडितांच्या आधीं कळलें होतें.

आणि अन्यत्र निराळी दृष्टिही होती. ओरिसांत जूनच्या मध्यास रजपर्व येतें. त्या तीन दिवसांत पृथ्वी रजस्वला असते अशी समजूत असल्यामुळें नांगर चालत नाहीं. मुली नवीं वस्त्रें नेसून झोंपाळ्यावर खेळतात. आसामांत कामाख्येचें देऊळ आषाढांत याच कारणासाठीं तीन दिवस मिटतें, आणि उघडल्यावर लाल वस्त्राचा तुकडा प्रसाद म्हणून मिळतो. जें देवीचें पूज्य, तेंच देवीच्या भक्तिणीचें मात्र तिला देवळाबाहेर ठेवणारें!

हा केवळ तीन दिवसांच्या गैरसोयीचा प्रश्न असता, तर एवढें लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु ऋतु येण्यापूर्वीं कन्या दिली नाहीं तर पित्याला पाप लागतें, असें पराशरस्मृति सांगते. त्या भयानें आठ-नऊ वर्षांच्या मुली बोहल्यावर चढल्या. प्रथम ऋतूच्या सोळा दिवसांत गर्भाधान झालेंच पाहिजे, हा त्याचाच पुढील धागा. सन 1890 त कलकत्त्यास फुलमणी नांवाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतिसमागमानें मरण पावली, आणि संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा पुढें आला. तेव्हां पुण्यांत मोठें रण माजलें. टिळकांनीं सरकारी हस्तक्षेपास विरोध केला. भांडारकरांनीं शास्त्राधारेंच दाखविलें कीं, प्रथम ऋतूचें बंधन अपरिहार्य नाहीं. कायदा 1891 च्या मार्चांत झाला. दोन्ही बाजूंनीं वचनें पुष्कळ निघालीं; जिच्याविषयीं वाद, त्या मुलीला कोणी विचारलें नाहीं.

विटाळामुळें बायकांना विसांवा मिळे, असें समर्थन अजूनही ऐकूं येतें. एकत्र कुटुंबांत तो कित्येकींना मिळाला असेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हवा तिला तो मागतां येत नसे आणि नको तिला तो टाळतां येत नसे. आणि संहितेच्या त्या नियमांत विश्रांतीचें नांव नाहीं. आहेत त्या धमक्या.

अद्यापि हा इतिहास पुरता मागें पडलेला नाहीं. गडचिरोलीकडे माडिया-गोंड स्त्रियांसाठीं गांवाकडेला कुर्माघरें आहेत. नेपाळांत छाउपडीला सर्वोच्च न्यायालयानें 2005 सालीं मनाई केली व 2017 च्या कायद्यानें ती गुन्हा ठरविली. तरी त्यानंतरही त्या झोंपड्यांत स्त्रिया मेल्या आहेत. शबरीमलै येथील स्त्रीप्रवेशाचा निकाल 2018 सालीं चार विरुद्ध एक मतांनीं लागला, आणि पुढील वर्षींच त्यांतील प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले.

न्यायालयांचें काम न्यायालयें करतील. आमच्या घरांतून मात्र एवढें तरी व्हावें, कीं मुलानें 'कावळा कोठून आला?' असें विचारल्यास त्याला खरी गोष्ट सांगावी: कावळा नव्हता. हत्या एकानें केली, आणि तिचा वांटा आजवर दुसरीच भरीत आली.